'अनएक्स्पेक्टेड रिअलटाइम डिले' परत परत येतोय? कर्नल कंपाइल करायला बसायच्या आधी हे तपासा

भोसरी-चाकण पट्ट्यात जुन्या मशीनना लिनक्ससीएनसी (पीसीवरून लेथ-मिलिंगसारखी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) बसवून द्यायचं काम करतो, आणि बसवून झाल्यावर सगळ्यात जास्त फोन ज्या तक्रारीसाठी येतात ती ही. मशीन चालू असताना स्क्रीनवर मेसेज येतो, "अनएक्स्पेक्टेड रिअलटाइम डिले ऑन टास्क ० विथ पिरियड १००००००", आणि समोरचा माणूस लगेच नेटवर शोधून कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) सोर्स उतरवायला लागतो. ते काम या यादीत सगळ्यात शेवटी आहे आणि बहुतेकांना तिथपर्यंत जावंच लागत नाही. बिचाऱ्या कर्नलची चूक फार कमी वेळा असते, बहुतेक वेळा पीसी वीज वाचवायच्या नादात डुलकी घेत असतो नाहीतर रिअलटाइम (ठरलेलं काम ठरलेल्या क्षणीच करायची व्यवस्था) मुळात चालूच नसतं.

(कमांडी इथे देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि सगळी स्मॉल. 'गेट-थ्रॉटल्ड', 'मॅक्स-सीस्टेट', 'इंटेल-आयडल' आणि 'कर्नल-कॉन्फिगचेक' यांत '-' च्या जागी अंडरस्कोर '_'.)

लक्षणं काय दिसतात

मेसेज हे एक लक्षण झालं. पण त्याच मेसेजमध्ये पुढे लिहिलेलं असतं की हा एका सेशनमध्ये एकदाच दिसेल, आणि ते कोणी वाचत नाही. म्हणजे "सकाळी एकदाच आला, नंतर नाही आला" याला काही अर्थ नाही, नंतर हजार वेळा उशीर झाला असला तरी दिसणार नाही.

बाकीची लक्षणं: प्रिंटर पोर्टवरून थेट स्टेपर चालवत असाल तर चालता चालता मोटरमधून 'टक्' असा आवाज येतो आणि गोल मारला की सुरुवात आणि शेवट जुळत नाही. सर्वो असेल तर मधूनच जॉइंट फॉलोइंग एरर (अक्ष सांगितलेल्या जागेच्या मागे पडला). मेसाचं इथरनेट कार्ड (पीसी आणि मशीनच्या मधलं, नेटवर्क केबलने जोडलेलं कंट्रोल कार्ड) असेल तर "एरर फिनिशिंग रीड". आणि हे सगळं कधी होतं ते बघा: ब्राउझर उघडल्यावर, विंडो ओढल्यावर, पेनड्राइव्ह लावल्यावर, की मशीन तासभर तापल्यावर? एका ठरावीक अंतराने होतंय का? ही वेळ एका कागदावर लिहून ठेवा, पुढे अर्धं निदान त्यातून होतं.

मेसेजचा अर्थ साधा आहे. पिरियड १०,००,००० नॅनोसेकंद म्हणजे १ मिलिसेकंद. दर मिलिसेकंदाला सर्वो थ्रेडने (प्रोग्रामचा मोटर सांभाळणारा भाग) उठायचं, एन्कोडर वाचायचा, हिशोब करायचा, आउटपुट लिहायचं आणि परत झोपायचं. तो उठायला इतका उशीर झाला की पुढची पाळीच चुकली, एवढंच तो सांगतोय. म्हणून इथे सरासरी बघायची नाही, सगळ्यात वाईट आकडा बघायचा. सरासरी ३ मायक्रोसेकंद आणि दिवसातून एकदा ९०० मायक्रोसेकंद, असला पीसी कामाचा नाही.

१. रिअलटाइम खरंच चालू आहे का? (फुकट, दोन मिनिटं)

लिनक्ससीएनसी आयकॉनवरून उघडू नका, टर्मिनलमधून चालू करा आणि सुरुवातीच्या ओळी वाचा. "युझिंग पॉझिक्स रिअलटाइम" दिसलं तर ठीक. "युझिंग पॉझिक्स नॉन-रिअलटाइम" दिसलं तर इथेच थांबा, पुढचं काही करायची गरज नाही, रोग सापडला.

आता हे का होतं? दोन कारणं नेहमीची. पहिलं, चुकीचा कर्नल बूट झालाय. 'युनेम -ए' मारा, त्यात प्रीएम्प्ट-आरटी हा शब्द पाहिजे, ती रिअलटाइम कर्नलची खूण. 'प्रीएम्प्ट डायनॅमिक' दिसत असेल तर तो साधा कर्नल आहे, नावात प्रीएम्प्ट आहे म्हणून फसू नका. कोणीतरी मशीनला इंटरनेट जोडून अपडेट मारलं, नवा साधा कर्नल आला, ग्रबने (बूट होताना कर्नल निवडणारा प्रोग्राम) तोच वर घेतला, झालं. डेबियनवर आरटी कर्नलचं पॅकेज वेगळं असतं, 'लिनक्स-इमेज-आरटी-एएमडी६४', ते टाका, ग्रबमध्ये तोच डिफॉल्ट करा, आणि चालत्या मशीनला उगाच अपडेट मारत बसू नका.

दुसरं कारण सोर्समधून बिल्ड करणाऱ्यांचं. गिटवरून नवीन कोड ओढला, मेक केलं, आणि 'सुडो मेक सेटयुआयडी' करायचं राहिलं. रिअलटाइम थ्रेड चालवणारा जो प्रोग्राम आहे, आरटीएपीआय-ॲप, त्याला रूटचा हक्क लागतो. मेकने तो नव्याने बनवला की जुना हक्क गेला. मेक संपताना शेवटच्या ओळीत तो हे सांगतो सुद्धा, पण तोवर आपण चहाला गेलेलो असतो. दर बिल्डनंतर ही कमांड द्यायची म्हणजे द्यायचीच.

२. नीट मोजा (फुकट, पण घाई करायची नाही)

ड्राइव्हची पॉवर बंद, इमर्जन्सी स्टॉप दाबलेला, आणि लिनक्ससीएनसी बंद. मग 'लेटन्सी-टेस्ट' किंवा 'लेटन्सी-हिस्टोग्राम' चालू करा (लेटन्सी म्हणजे हाच उशीर). आणि नुसतं बघत बसू नका, पीसीला त्रास द्या: ब्राउझर उघडा, मोठी फाइल कॉपी करा, विंडो गरागरा फिरवा, 'जीएलएक्सगिअर्स' च्या चारपाच खिडक्या उघडा. शांत बसलेल्या पीसीचा आकडा कोणाचाही छान येतो. निदान जेवणाची सुट्टी होईपर्यंत तरी चालू द्या, रात्रभर चालवलं तर उत्तम.

मॅक्स जिटर, म्हणजे ठरल्या वेळेपासून पडलेला सगळ्यात मोठा फरक, नॅनोसेकंदात दिसतो. सॉफ्टवेअर स्टेपिंग (स्टेपरचे पल्स पीसीनेच बनवणं) करायचं असेल तर १५ ते २० हजारांच्या आत झकास, ३० ते ५० हजार असेल तर चालेल पण वेग कमी मिळेल, एक लाखाच्या वर गेला तर सॉफ्टवेअर स्टेपिंग विसरा आणि स्टेप बनवणारं कार्ड घ्या. कार्डवाल्यांना फक्त सर्वो थ्रेड लागतो, त्यामुळे एक लाखाच्या आसपासही निभतं. दहा लाख, म्हणजे पूर्ण मिलिसेकंद, ओलांडला तर तो पीसी या कामाला नाही.

लिनक्ससीएनसी नाही, स्वतःचा कंट्रोलर लिहिलाय? मग आरटी-टेस्ट्स पॅकेजमधलं 'सायक्लिकटेस्ट' वापरा, एमलॉकऑल (प्रोग्रामची मेमरी रॅममध्येच धरून ठेवणं) चालू, प्रायॉरिटी ८०, सगळ्या कोअरवर. सोबत पीसीवर भार टाकणारं 'स्ट्रेस-एनजी' लावा.

३. जे लागत नाही ते उपटा (फुकट)

वायफाय डोंगल, ब्लूटूथ, वेबकॅम, जास्तीचा मॉनिटर, पेनड्राइव्ह, सगळं काढा आणि परत मोजा. आकडा पडला की एकेक परत लावत जा. स्क्रीनसेव्हर आणि डिस्प्ले झोपवणं दोन्ही बंद, डेस्कटॉपचे ॲनिमेशन बंद. ग्राफिक्स ड्रायव्हर हा मोठा गुन्हेगार आहे.

एका लेथवर मेसेज फक्त दुपारनंतरच यायचा. गरम होतंय म्हणून पॅनलला पंखा लावून झाला, रॅम बदलून झाली. मग 'डीमेसेज' (कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड, टाइप करताना dmesg) ची वेळ बघितली तर दुपारच्या सुट्टीनंतर युएसबी जोडल्याच्या ओळी, तुटल्याच्या ओळी, परत जोडल्याच्या. ऑपरेटर जेवून आला की मोबाईल चार्जिंगला पीसीच्या समोरच्या पोर्टात लावायचा, केबल ढिली, फोन दर थोड्या वेळाने सुटायचा आणि परत ओळख द्यायचा, आणि डेस्कटॉप दर वेळी तो उघडायला धावायचा. भिंतीवर चार्जर लावून दिला आणि समोरच्या पोर्टांवर टेप मारली. म्हणून म्हणतो, वेळ लिहून ठेवा.

४. सप्लाय आणि तापमान (स्वस्त)

रास्पबेरी पायवाल्यांनी इथून सुरुवात केली तरी चालेल. 'व्हीसीजेनसीएमडी गेट-थ्रॉटल्ड' मारा. उत्तर शून्य आलं पाहिजे. ०एक्स५०००५ आलं तर आत्ता या क्षणी व्होल्टेज कमी आहे आणि पाय मुद्दाम हळू चालतोय, ०एक्स५०००० आलं तर बूट झाल्यापासून कधीतरी तसं होऊन गेलंय. मोबाईलचा चार्जर, लांब पातळ केबल, किंवा पॅनलमधल्या २४ व्होल्टवरून काढलेला स्वस्तातला कन्व्हर्टर, यातलं काहीतरी असतंच. पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअर लागतो, नावाला ३ नाही, खरा ३. तापमान ८० अंशांवर गेलं की पाय आपोआप वेग उतरवायला लागतो, आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये बंद पॅनलच्या आत ८० व्हायला काही वेळ लागत नाही. हीटसिंक आणि पंखा लावा, आणि पॅनलच्या जाळीतली धूळ तर आधी काढा.

५. बायोस (फुकट, पण शिस्तीत)

पीसीवर सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. आत शिरायच्या आधी प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून मोजा, नाहीतर नेमका फरक कशाने पडला ते कळत नाही.

बंद करायचं ते असं: सी-स्टेट्स आणि सी१ई, स्पीडस्टेप, टर्बो, हायपरथ्रेडिंग, पीसीआय एक्स्प्रेसचं पॉवर सेव्हिंग, वापरात नसलेला साउंड आणि सिरीयल पोर्ट. कारण काय, तर सी-स्टेट म्हणजे रिकामा कोअर झोपतो, जितका खोल झोपतो तितका उठायला वेळ. दर मिलिसेकंदाला उठायचंय त्याला गाढ झोप परवडत नाही. वेग कमी-जास्त करणारी प्रकरणंही तशीच. हायपरथ्रेडिंगमध्ये एकाच कोअरवर दोघं बसतात, आणि तुमच्या सर्वो थ्रेडचा शेजारी नेमका ब्राउझर निघाला तर भोगा. 'लीगसी युएसबी' मात्र बंद करताना जपून, काही बोर्डांवर त्यानंतर बायोसमध्येच कीबोर्ड चालत नाही.

६. बूट पॅरामीटर

बायोसमध्ये सी-स्टेटचा पर्यायच नसेल (स्वस्त मिनी पीसीत बऱ्याचदा नसतो) तर ग्रबच्या कमांड लाइनमध्ये 'प्रोसेसर डॉट मॅक्स-सीस्टेट=१' आणि 'इंटेल-आयडल डॉट मॅक्स-सीस्टेट=०' द्या. काही जण 'आयडल=पोल' सुचवतात, त्याने कोअर झोपतच नाही, आकडा छान येतो पण पीसी भट्टी होतो, बिनपंख्याच्या डब्यावर हे करू नका.

मग 'आयसोलसीपीयूज'. चार कोअर असतील तर ३ नंबरचा शेवटचा कोअर (मोजणी ० पासून) वेगळा काढा, लिनक्ससीएनसी रिअलटाइम थ्रेडसाठी तोच उचलतो. 'आयआरक्यूॲफिनिटी' ने इंटरप्ट (हार्डवेअर प्रोसेसरला मारतं त्या हाका) बाकीच्या कोअरवर ढकला आणि 'आयआरक्यूबॅलन्स' ही सर्व्हिस काढून टाका, नाहीतर तुम्ही लावलेली व्यवस्था ती मोडू शकते. सीपीयू गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारी सेटिंग) 'परफॉर्मन्स' वर.

इथे हमखास होणारी गंमत: लोक ग्रबची फाइल बदलतात आणि 'अपडेट-ग्रब' मारत नाहीत. रीबूट करतात, मोजतात, "काही फरक नाही" म्हणतात. रीबूटनंतर प्रोक फोल्डरमधली 'सीएमडीलाइन' फाइल 'कॅट' करून बघा, तुमचं पॅरामीटर तिथे दिसलं तरच ते लागू झालंय. पायवर ग्रब नसतो, 'सीएमडीलाइन डॉट टीएक्सटी' मध्ये लिहायचं, आणि सगळं एकाच ओळीत, एंटर मारला तर पुढचं वाचलंच जात नाही.

७. मेसा इथरनेट कार्ड असेल तर नेटवर्क

लेटन्सी टेस्ट छान येते आणि तरी रीड एरर येतो, मग दोष केबल, पोर्ट किंवा ड्रायव्हरमध्ये. कार्डला स्वतंत्र पोर्ट द्या, मधे स्विच नको, राउटर तर नकोच. कार्डचं उत्तर न येता पिरियडचे ८० टक्के, म्हणजे ८०० मायक्रोसेकंद, उलटले की ड्रायव्हर एरर समजतो. हा टाइमआउट वाढवून मेसेज गायब करता येतो, बरेच जण करतात, पण त्याने उत्तर लवकर येत नाही, फक्त तक्रार बंद होते.

नेटवर्क चिप पाकिटं साठवून एकदम देते, ते 'इथटूल' ने बंद करायचं: 'आरएक्स-युसेक्स ०'. इंटेलच्या पोर्टवर हे करताच बहुतेक वेळा प्रकरण मिटतं. इथरनेटचं वीज वाचवणं, ईईई, तेही बंद. रिअलटेक असेल तर 'आर८१६९' ऐवजी 'आर८१६८' चा ड्रायव्हर लावून बघा, नाहीच जमलं तर इंटेलचं साधं कार्ड स्लॉटमध्ये घाला आणि मोकळे व्हा.

८. तुमचा स्वतःचा कोड

हॅलचा (लिनक्ससीएनसीतला हार्डवेअर आणि सिग्नल जोडणारा भाग) कॉम्पोनंट स्वतः लिहिला असेल तर रिअलटाइम फंक्शनमध्ये फाइल उघडणं, प्रिंट करणं, मेमरी मागणं, डिव्हाइसच्या उत्तराची वाट बघणं, यातलं काही नाही ना ते बघा. मॉडबसवरून (यंत्रांची आपसात बोलायची भाषा) व्हीएफडीशी (स्पिंडलचा वेग बदलणारा ड्राइव्ह) बोलायचं असेल तर तो प्रोग्राम युझरस्पेसमध्ये, म्हणजे साध्या प्रोग्रामसारखा वेगळा, सर्वो थ्रेडमध्ये नाही. कोण वेळ खातोय ते बघायला 'हॅलसीएमडी' मधून प्रत्येक फंक्शनचा 'टीमॅक्स' काढा, पीसीवर तो क्लॉक सायकलमध्ये असतो, प्रोसेसरच्या मेगाहर्ट्झने भागला की मायक्रोसेकंद.

लिनक्ससीएनसीशिवायचा कंट्रोलर असेल तर अजून तीन: सुरुवातीलाच एमलॉकऑल केलंय का, म्युटेक्सला (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) प्रायॉरिटी इन्हेरिटन्स (कुलूप धरून बसलेल्याला वाट बघणाऱ्याची प्रायॉरिटी मिळणं) आहे का, आणि जुन्या कर्नलवर 'डीमेसेज' मध्ये "आरटी थ्रॉटलिंग ॲक्टिव्हेटेड" येतंय का. हा तिसरा आला तर तुमचा थ्रेड झोपतच नाहीये, दर सेकंदातले ९५० मिलिसेकंद खाऊन झाल्यावर कर्नल त्याला बाजूला बसवतो. ही मर्यादा काढून टाकायचा सल्ला नेटवर मिळेल. काढू नका, लूप दुरुस्त करा.

९. बोर्डच चोर आहे का?

इथवर सगळं करून आकडा हलत नसेल तर 'एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट'. हा इंटरप्ट बंद करून नुसतं घड्याळ वाचत बसतो, आणि घड्याळात खड्डा दिसला तर त्याचा अर्थ लिनक्सच्याही खालून कोणीतरी, बहुधा बायोसने, प्रोसेसर ताब्यात घेतला होता. याला एसएमआय म्हणतात आणि लिनक्सला तो थांबवता येत नाही, कळत सुद्धा नाही. मशीन चालू असताना ही टेस्ट अजिबात चालवायची नाही, ती स्वतःच अर्धा-अर्धा सेकंद कोअर अडवून ठेवते. कर्नलमध्ये हा ट्रेसर चालू असावा लागतो.

शेकड्यात मायक्रोसेकंद दिसले आणि बायोसमध्ये सगळं बंद करूनही तेच, तर दुसरा पीसी घ्या. सेकंड-हँड ऑफिस पीसी अनेकदा नव्या गेमिंग बोर्डपेक्षा सरळ निघतो. चिपसेटच्या रजिस्टरमध्ये लिहून एसएमआय बंद करायचे उद्योग करू नका, काही बोर्डांवर तापमानाचं संरक्षण त्याच्यावरच चालतं.

१०. आता कर्नल बिल्ड

६.१२ पासून, म्हणजे नोव्हेंबर २०२४ पासून, प्रीएम्प्ट-आरटी मुख्य कर्नलमध्येच आहे, एक्स८६, ६४ बिट आर्म आणि रिस्क-व्ही साठी पॅच लावायची गरज उरली नाही. ३२ बिट आर्म, म्हणजे बिगलबोन ब्लॅकसारखे बोर्ड, त्यांना ६.१२ वरही पॅच लागतो.

मेनूकॉन्फिगमध्ये (कर्नलचे पर्याय निवडायचा मेनू) "फुली प्रीएम्प्टिबल" दिसतच नाही अशी तक्रार असते. आधी 'एक्स्पर्ट' चा पर्याय चालू करा, मग दिसेल. आणि लॉक तपासणारे, मेमरी तपासणारे डीबग पर्याय बंद आहेत ना बघा, त्यांच्यासकट मोजलेला आकडा म्हणजे ब्रेक दाबून गाडीचं मायलेज काढल्यासारखं.

बिल्डरूटवाल्यांचा (बोर्डसाठी पूर्ण लिनक्स इमेज बनवणारं साधन) सापळा वेगळा. 'लिनक्स-मेनूकॉन्फिग' मध्ये आरटी चालू केलं, इमेज बनली, छान चाललं. महिन्याभराने कोणी 'मेक क्लीन' केलं आणि नवी इमेज साध्या कर्नलची, कारण तो बदल आउटपुट फोल्डरमध्ये होता आणि तोच पुसला गेला. 'मेक लिनक्स-अपडेट-डेफकॉन्फिग' करा किंवा कॉन्फिगचा फ्रॅगमेंट (हव्या पर्यायांचा तुकडा) फाइलमध्ये ठेवून गिटमध्ये टाका. योक्टोमध्ये (तसंच दुसरं साधन) 'लिनक्स-योक्टो-आरटी' घ्या आणि 'कर्नल-कॉन्फिगचेक' च्या वॉर्निंग वाचा, फ्रॅगमेंटमध्ये मागितलेला पर्याय दुसऱ्या कशावर अवलंबून असला की तो गुपचूप गळतो, बिल्ड मात्र पास. बोर्डवर परत पायरी १, 'युनेम -ए'.

कुठे थांबायचं आणि माणूस बोलवायचा

पॅनलच्या आतलं काम असेल तर लगेच थांबा. मेसेज फक्त स्पिंडल चालू होताना येतोय, तेव्हाच एन्कोडर उड्या मारतोय, तर ते व्हीएफडीचं नॉइज आणि अर्थिंग आहे, सॉफ्टवेअर नाही, आणि आत ४१५ व्होल्ट आहे. मेन स्विच बंद केल्यावरही ड्राइव्हचे कपॅसिटर बराच वेळ भरलेले असतात. इंडस्ट्रियल इलेक्ट्रिशियन बोलवा.

इमर्जन्सी स्टॉप फक्त सॉफ्टवेअरमधून जात असेल तर लेटन्सी राहू द्या बाजूला, मशीन बंद ठेवा आणि आधी ते वायरिंग माहितगाराकडून नीट करून घ्या. उभ्या झेड अक्षाला ब्रेक नसेल तरी तेच.

बायोसला पासवर्ड आहे किंवा फॅक्टरीचा लॉक आहे, तर नेटवरून मिळालेला बायोस फ्लॅश करू नका, ज्याने पीसी दिला त्याला विचारा. आणि दोष ड्रायव्हरमध्ये किंवा डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवर कोणतं हार्डवेअर आहे ते कर्नलला सांगणारी फाइल) आहे असं ट्रेसमध्ये दिसलं, तर तो एम्बेडेड कर्नलवर काम करणाऱ्याचा प्रांत.

बोलवताना हाताशी ठेवा: 'युनेम -ए' चं उत्तर, 'सीएमडीलाइन' फाइल, लोडसकट रात्रभरचा मॅक्स जिटर, 'डीमेसेज' पूर्ण, बायोसचे फोटो, आणि वेळा लिहिलेला तो कागद. नाहीतर आलेला माणूस पहिले दोन तास हेच गोळा करत बसेल आणि त्याचंही बिल लावेल.